अन्सारी नगर ज्यांच्या नावाने आहे, ते डॉक्टर

धामणगाव रेल्वे : आपल्या भागातून मोठ्या आजाराचा पेशंट बाहेर न्यायचा म्हटलं की रस्ता ठरलेला असतो. आधी सेवाग्राम, नाहीतर नागपूर, आणि तिथूनही पुढे पाठवलं तर दिल्लीचं एम्स. एम्सच्या कागदावर पत्ता छापलेला असतो : अन्सारी नगर, नवी दिल्ली. घरातल्या एका पेशंटची फाईल मी अनेक महिने सांभाळली. तो पत्ता शंभरदा वाचला असेल, पण हे अन्सारी कोण, असा प्रश्न एकदाही पडला नाही. एके दिवशी धामणगावच्या प्लॅटफॉर्मवर गाडीची वाट पाहत असताना शेजारच्या कॉलेजच्या पोराने तो विचारला आणि मला उत्तर देता आलं नाही. मोबाईलवर नाव टाकलं तर गाझीपूरच्याच त्याच घराण्यातल्या, अलीकडच्या काळातल्या एका राजकारण्याचे फोटो आधी आले. म्हणून हा लेख.

डॉ. मुख्तार अहमद अन्सारी यांचा जन्म २५ डिसेंबर १८८० रोजी उत्तर प्रदेशातल्या गाझीपूर जिल्ह्यात, युसूफपूर या गावी झाला. घराणं जुनं, दीनदार आणि हकिमीचं. त्यांचे थोरले भाऊ हकीम अब्दुल वहाब यांना दृष्टी नव्हती, म्हणून लोक त्यांना हकीम नाबीना म्हणत. केवळ नाडीवर बोटं ठेवून ते आजार सांगत आणि त्यांची कीर्ती एवढी होती की अल्लामा इक्बाल यांनीही शेवटच्या आजारपणात त्यांची औषधं घेतली. एकाच घरात एक भाऊ युनानीचा उस्ताद आणि दुसरा विलायतेत शिकलेला सर्जन. या दोन वाटांचं त्या घरात कधी भांडण झालं नाही, हे मला विशेष वाटतं. आपल्याकडे अजून दीनी तालीम की दुनियावी तालीम यावरच वाद चालतो.

मुख्तार अहमद यांचं सुरुवातीचं शिक्षण गाझीपूर आणि अलाहाबादला झालं. भाऊ निजामाच्या हैदराबादेत होते म्हणून पुढे तेही दक्षिणेत आले. मद्रासला वैद्यकीय शिक्षण घेतलं आणि निजाम सरकारची स्कॉलरशिप मिळवून विसाव्या शतकाच्या अगदी सुरुवातीला इंग्लंडला गेले. एडिंबरो विद्यापीठातून त्यांनी एमडी आणि एमएस या पदव्या घेतल्या. नंतर लंडनच्या लॉक हॉस्पिटलमध्ये आणि चेअरिंग क्रॉस हॉस्पिटलमध्ये नोकरी केली. त्या काळी लंडनच्या एका नामांकित रुग्णालयात हिंदुस्थानी माणूस सर्जन म्हणून नेमला जाणं ही साधी गोष्ट नव्हती. काळ्या माणसाने गोऱ्या पेशंटवर शस्त्रक्रिया करायची, यावर तिथे कुरबुर झाली. पण हात चांगला होता, त्यामुळे ते टिकले. लंडनमध्येच मोतीलाल नेहरू आणि त्यांचा मुलगा जवाहरलाल यांच्याशी ओळख झाली. ती दोस्ती शेवटपर्यंत राहिली.

१९१० मध्ये ते परत आले आणि दिल्लीत दवाखाना टाकला. बस्तान लवकर बसलं. नवाब आणि राजेरजवाडे पेशंट म्हणून येऊ लागले, पैसाही चांगला येऊ लागला. इथेच थांबले असते तर श्रीमंत डॉक्टर म्हणून सुखात गेले असते आणि आज आपल्याला त्यांचं नावही माहीत नसतं.

ऑक्टोबर १९१२ मध्ये बाल्कन युद्ध पेटलं. सर्बिया, बल्गेरिया, ग्रीस आणि माँटेनेग्रो हे चार देश उस्मानी तुर्कस्तानावर तुटून पडले. इस्तंबूलच्या वेशीपर्यंत शत्रू आला, त्यात छावण्यांमध्ये कॉलरा पसरला. हिंदुस्थानातल्या मुसलमानांना खलिफाच्या देशाचे हे हाल पाहवत नव्हते. मौलाना मुहम्मद अली जौहर यांच्या कॉम्रेड या साप्ताहिकाने हाक दिली की नुसते ठराव करून काय होणार, डॉक्टर पाठवा. वर्गणी जमली. मोहिमेचं नेतृत्व बत्तीस वर्षांच्याही आतल्या डॉ. अन्सारींनी घेतलं आणि चालता दवाखाना सोडून ते निघाले.

१५ डिसेंबर १९१२ रोजी ही वैद्यकीय तुकडी आपल्या मुंबई बंदरातून जहाजाने निघाली. काही डॉक्टर, बाकीचे मलमपट्टी आणि शुश्रूषा शिकून घेतलेले तरुण. त्यातले बरेच अलीगढचे विद्यार्थी होते. तुर्कस्तानात पोहोचल्यावर इस्तंबूलजवळ ओमरली इथे आणि पुढे चनाक्कलेच्या बाजूला त्यांनी फिरते दवाखाने उभारले. थंडी, चिखल, गोळ्यांनी फाटलेले हात-पाय आणि भाषा कळत नाही असे पेशंट. सुमारे सात महिने हे काम चाललं. डॉ. अन्सारी तिथून नियमित पत्रं लिहीत आणि ती कॉम्रेडमध्ये छापून येत. त्या पत्रांत जखमींची विचारपूस तर असेच, पण घरदार सुटलेल्या मुसलमान निर्वासितांना अनातोलियात कसं वसवायचं, त्यासाठी पैसा कुठून उभा करायचा, याचे आराखडेही असत. मला वाटतं राजकारणातले अन्सारी इथे घडले. एकेक जखम शिवून भागत नाही, जखमा होतात कशामुळे तेही पाहावं लागतं, हे त्यांना त्या छावण्यांत दिसलं असावं.

जुलै १९१३ मध्ये तुकडी मुंबईला परतली. त्यातला पेशावरचा अब्दुर्रहमान नावाचा तरुण मात्र आला नाही. तो तुर्की फौजेत गेला, तिथलाच नागरिक झाला आणि पुढे अफगाणिस्तानात तुर्कस्तानचा पहिला राजदूत म्हणून गेला. १९२५ मध्ये इस्तंबूलमध्ये त्याच्यावर गोळ्या झाडल्या गेल्या. मारेकऱ्यांना रौफ बे या तुर्की नेत्याला मारायचं होतं आणि चेहरा सारखा दिसला म्हणून हा बिचारा गेला, असं सांगतात. त्याच रौफ बेंना डॉ. अन्सारींनी १९३३ मध्ये जामियात व्याख्यानं द्यायला बोलावलं होतं.

परत आल्यावर अन्सारी राजकारणात ओढले गेले. होमरूल चळवळ झाली, काँग्रेस आणि मुस्लिम लीग यांना एकत्र आणण्याची खटपट झाली. १९१८ मध्ये दिल्लीला मुस्लिम लीगचं अधिवेशन भरलं तेव्हा स्वागत समितीचे अध्यक्ष म्हणून त्यांनी केलेलं भाषण इतकं परखड होतं की सरकारने ते जप्त केलं. जानेवारी १९२० मध्ये खिलाफतीच्या प्रश्नावर व्हाइसरॉयला जे शिष्टमंडळ भेटलं, त्याचे प्रमुखही तेच.

१९२० हे साल या माणसासाठी कसं गेलं असेल, याचा विचार केला तरी दम लागतो. माल्टाच्या कैदेतून सुटून आलेले शेखुल हिंद मौलाना महमूद हसन आजारी होते. २९ ऑक्टोबरला त्यांच्याच हस्ते अलीगढमध्ये जामिया मिल्लिया इस्लामियाचा पाया घातला गेला. सरकारी मदत न घेता चालणारं राष्ट्रीय विद्यापीठ, असा तो विचार होता आणि ते उभारणाऱ्यांत हकीम अजमल खान, मुहम्मद अली यांच्याबरोबर डॉ. अन्सारी होते. त्यानंतर महिन्याभराने, ३० नोव्हेंबरला, शेखुल हिंद यांचं निधन झालं. तेही दिल्लीत डॉ. अन्सारींच्याच घरी, त्यांच्याच उपचाराखाली. आणि पुढचा महिना संपायच्या आत डॉक्टर आपल्या विदर्भात होते.

डिसेंबर १९२० च्या अखेरीस नागपूरला काँग्रेसचं गाजलेलं अधिवेशन भरलं. स्वागताध्यक्ष वर्ध्याचे जमनालाल बजाज होते. असहकाराचा कार्यक्रम इथे पक्का झाला, काँग्रेसचे प्रांत भाषेप्रमाणे पाडले गेले आणि आपल्या वऱ्हाडाला वेगळ्या प्रांताचा दर्जा मिळाला. जिनांनी विरोध केला तो याच मांडवात आणि ते काँग्रेसमधून बाहेर पडले तेही इथूनच. हे सगळं शाळेच्या पुस्तकात आहे. पुस्तकात नसतं ते हे की त्याच दिवसांत, त्याच नागपुरात मुस्लिम लीगचंही अधिवेशन झालं आणि त्याचे अध्यक्ष डॉ. अन्सारी होते. लीगने असहकाराला साथ दिली. मुंबईकडून नागपूरला जाणारे प्रतिनिधी बडनेरा, चांदूर, धामणगाव, पुलगाव करत याच रुळांवरून गेले. कापसाचा हंगाम असणार, स्टेशनात गाठींची थप्पी लागलेली असणार. त्या गाड्यांत काँग्रेसचे लोक होते, लीगचे होते आणि दोन्हीकडचे एकच असणारेही पुष्कळ होते. सतरा-अठरा वर्षांनी ही गोष्ट कुणाला खरीही वाटली नसती.

१९२४ मध्ये खुद्द तुर्कांनीच खिलाफत रद्द केली. ज्या गोष्टीसाठी हिंदुस्थानातले हजारो लोक तुरुंगात गेले, ती गोष्टच उरली नाही. देशात दंगली सुरू झाल्या. अन्सारी हळूहळू खिलाफत कमिटी आणि लीग यांच्यापासून दूर झाले. आता आपलं राजकारण केवळ मजहबच्या नावावर चालायला नको, असं त्यांचं मत झालं होतं. नमाज-रोजाचा पाबंद माणूस, शेखुल हिंदचा मुरीद आणि तरी हे मत. काहींना ते तेव्हा पचलं नाही, काहींना आजही पचणार नाही.

दर्यागंजमधलं त्यांचं घर, दारुस्सलाम, हे काँग्रेसचं दिल्लीतलं बिऱ्हाडच होतं म्हणा ना. वर्किंग कमिटीच्या बैठका तिथे होत. १९३१ मध्ये गांधी-आयर्विन बोलणी चालली तेव्हा गांधीजींचा मुक्काम तिथेच होता. घरात सतत पंचवीस-तीस माणसं, कुणी पेशंट, कुणी पुढारी, कुणी गाझीपूरकडचा नातेवाईक. हा सगळा भार त्यांच्या बेगम शम्सुन्निसा यांनी उचलला. इतिहासात त्यांचं नाव एका ओळीत येतं आणि संपतं. त्यांना मूल नव्हतं, जोहरा नावाची मुलगी त्यांनी दत्तक घेतली होती. गांधीजी उर्दू लिहायला शिकत होते तेव्हा या जोहराला उर्दूत पत्रं लिहीत.

१९२७ मध्ये मद्रासच्या काँग्रेस अधिवेशनाचे ते अध्यक्ष झाले. त्याच महिन्यात हकीम अजमल खान गेले आणि जामियाची जबाबदारी अन्सारींवर आली. पुढे शेवटपर्यंत ते जामियाचे अमीर, म्हणजे कुलपती राहिले. जामियाकडे तेव्हा पगाराला पैसे नसत. डॉ. झाकीर हुसेन आणि त्यांच्या साथीदारांनी वीस वर्षं दीडशे रुपयांहून जास्त पगार न घेता काम करण्याची शपथ घेतली. शिकवणारे ते, आणि झोळी घेऊन दारोदार फिरणारे अन्सारी. नवाब-राजांचे डॉक्टर असण्याचा फायदा त्यांनी इथे पुरेपूर करून घेतला.

१९२८ मध्ये देशाची राज्यघटना आपणच लिहून दाखवू, म्हणून सर्वपक्षीय परिषद भरली. तिचे अध्यक्ष डॉ. अन्सारी होते. मोतीलाल नेहरूंच्या समितीने अहवाल तयार केला. त्यात मुसलमानांसाठी वेगळे मतदारसंघ काढून संयुक्त मतदारसंघ आणि काही ठिकाणी राखीव जागा, अशी मांडणी होती. डिसेंबरात कलकत्त्याला जिनांनी दुरुस्त्या मांडल्या, त्यातली एक केंद्रीय विधिमंडळात एक तृतीयांश जागांची होती. त्या फेटाळल्या गेल्या. अध्यक्षाच्या खुर्चीवर अन्सारीच होते. दोन्ही बाजूंना थोडं थोडं मागे या म्हणणारा माणूस वर बसलेला आणि खाली कुणीच ऐकत नाही. पुढे शौकत अलींसारखे जुने साथी दुरावले, आणि १९२९ मध्ये मौलाना आझाद वगैरेंना घेऊन राष्ट्रीय मुस्लिमांचा वेगळा पक्ष काढावा लागला.

यानंतरची गोष्ट मला त्यांच्या आयुष्यातली सगळ्यात महत्त्वाची वाटते. १९३० च्या फेब्रुवारीत गांधीजी सविनय कायदेभंगाच्या तयारीत होते. अन्सारींनी त्यांना लांबलचक पत्र लिहून विरोध कळवला. त्यांचं म्हणणं असं की १९२० ला हिंदू-मुसलमान एक होते म्हणून चळवळ उभी राहिली, आज तशी एकी नाही, आधी ती करा आणि मग लढाई सुरू करा. गांधीजींना हे पटलं नाही. त्यांच्या मते लढता लढताच एकी होणार होती. मतभेद उघड झाला. पण मार्चमध्ये दांडीयात्रा निघाली, पुढारी एकामागून एक पकडले गेले, तेव्हा अन्सारी घरी बसून राहिले नाहीत. चळवळ चुकीच्या वेळी सुरू झाली असं ज्याचं मत होतं, तोच माणूस वर्किंग कमिटीत जाऊन बसला आणि ऑगस्टमध्ये अटक झाला. पंजाबातल्या गुजरात गावच्या तुरुंगात त्यांना ठेवलं. तिथे खान अब्दुल गफ्फार खानही होते. तब्येत आधीच खालावलेली, हृदयाचा त्रास सुरू झालेला.

सुटून आले तर पुढचा घाव तयार होता. १९३१ मध्ये गांधीजी गोलमेज परिषदेला लंडनला निघाले. मुस्लिम पुढाऱ्यांशी बोलताना ते अन्सारींना वगळून काही कबूल करायला तयार नव्हते. अन्सारींनाही परिषदेला बोलवा, असा त्यांचा आग्रह होता. व्हाइसरॉय विलिंग्डन यांनी नकार दिला. कारण उघड होतं. काँग्रेसमधला, लोकमान्य, शिकलेला मुसलमान तिथे बसला असता तर काँग्रेस हिंदूंची आणि मुसलमान वेगळे, हा सगळा हिशेब बिघडला असता. परिषदेला गेलेल्या मुस्लिम प्रतिनिधींनाही ते नको होते. म्हणजे सरकारला नको, आपल्याच लोकांना नको. मुसलमानांचा प्रश्न लंडनला चर्चेला होता आणि त्यावर दहा वर्षं डोकं घालणारा माणूस दिल्लीत पेशंट तपासत होता. कौमच्या नावाने कुणी बोलायचं हे कोण ठरवतं, हा प्रश्न तेव्हाही होता. मोहल्ला कमिटीपासून दिल्लीपर्यंत आजही तोच आहे.

१९३४ मध्ये काँग्रेसने पुन्हा निवडणुका लढवायच्या ठरवल्या आणि त्यासाठी पार्लमेंटरी बोर्ड नेमलं. अध्यक्ष डॉ. अन्सारी. इथे आपल्या भागाचा संबंध पुन्हा येतो. ब्रिटिश सरकारच्या जातीय निवाड्याबद्दल काँग्रेसने भूमिका घेतली की आम्ही तो स्वीकारतही नाही आणि नाकारतही नाही. ही भूमिका पंडित मालवीय आणि यवतमाळचे लोकनायक बापूजी अणे यांना मान्य नव्हती. ते दोघे बाहेर पडले आणि त्यांनी काँग्रेस नॅशनॅलिस्ट पक्ष काढला. पुढे अणे त्या पक्षाचे असेंब्लीतले नेते झाले. यवतमाळची माणसं रेल्वेसाठी आजही आपल्या धामणगाव स्टेशनवर येतात, तेव्हा हे राजकारण इथल्या लोकांना परकं नव्हतं. अणे मोठे देशभक्त होते, यात वाद नाही. पण स्पष्ट सांगायचं तर अन्सारींची अडचण दोन्हीकडून होती. निवाडा नाकारावा तर मुसलमान जाणार, स्वीकारावा तर ज्या संयुक्त मतदारसंघासाठी उभं आयुष्य भांडले तेच बुडणार. ना हो ना नाही, हे उत्तर पळपुटं वाटतं खरं. मला मात्र वाटतं, तेव्हा दुसरं उत्तर कुणाजवळच नव्हतं. १९३५ मध्ये तब्येतीमुळे त्यांनी बोर्ड सोडलं.

या सगळ्या धावपळीत त्यांच्यातला संशोधक जिवंत होता. युरोपच्या दौऱ्यांत ते पॅरिस, व्हिएन्नाच्या रुग्णालयांत जात, नवीन शस्त्रक्रिया पाहत. त्या काळी पॅरिसच्या व्होरोनॉफ नावाच्या सर्जनने जनावराच्या ग्रंथींचा तुकडा माणसाच्या शरीरात बसवून म्हातारपण मागे सारता येतं, असा दावा केला होता. जगभर त्याचा बोलबाला झाला. अन्सारींनी त्या प्रकारच्या शस्त्रक्रिया दिल्लीत केल्या, पेशंटच्या नोंदी काळजीने ठेवल्या आणि १९३५ मध्ये रिजनरेशन इन मॅन हे पुस्तक लिहिलं. पुढच्या काळात हे शास्त्र टिकलं नाही. परक्या प्राण्याचा तुकडा शरीर स्वीकारत नाही, मारून टाकतं, हे नंतर पक्कं कळलं. थोरांची चरित्रं लिहिताना हा भाग गाळायची पद्धत आहे. मी गाळत नाही. चुकीच्या वाटेवरही त्यांनी नोंदी ठेवल्या होत्या, त्यामुळे पुढच्यांना निदान तपासायला काही मिळालं.

१९३५ च्याच सुरुवातीला तुर्की लेखिका खालिदा अदीब खानम त्यांच्या निमंत्रणावरून हिंदुस्थानात आल्या, दारुस्सलाममध्ये राहिल्या आणि जामियात त्यांची व्याख्यानं झाली. १ मार्च १९३५ ला दिल्लीबाहेर ओखल्याच्या माळावर जामियाच्या नव्या इमारतीची पायाभरणी झाली. तेव्हा तिथे आजूबाजूला शेतं आणि यमुनेचा काठ, बाकी काही नव्हतं.

३० एप्रिल १९३६ ला गांधीजी वर्ध्याजवळच्या शेगावात राहायला आले, तेच पुढचं सेवाग्राम. त्यानंतर दहाच दिवसांनी डॉ. अन्सारी मसुरीहून रात्रीच्या गाडीने दिल्लीला परतत होते. चालत्या गाडीत हृदयविकाराचा झटका आला. आयुष्यभर दुसऱ्यांच्या उशाशी बसलेल्या माणसाजवळ त्या डब्यात दवाखाना नव्हता, औषध नव्हतं. १० मे १९३६ रोजी त्यांचं निधन झालं. इन्ना लिल्लाहि व इन्ना इलैहि राजिऊन. वय पंचावन्न.

दिल्लीला गाडी पोहोचली ती जनाजा घेऊनच. ओखल्याच्या त्या माळावर, जामियाच्या अर्धवट उभ्या राहिलेल्या इमारतींजवळ त्यांना दफन केलं. आज तिथे जामिया नगर आहे, गर्दी आहे, विद्यापीठाच्या मोठ्या सभागृहाला त्यांचं नाव आहे. दर्यागंजच्या पुस्तकवाल्यांचा अन्सारी रोडही त्यांचाच. आणि एम्सच्या गेटबाहेर, फुटपाथवर पथारी टाकून नंबरची वाट पाहणारे आपल्याकडचे लोक पत्ता सांगताना रोज त्यांचं नाव घेतात. प्लॅटफॉर्मवरच्या त्या पोराला मी हे सगळं फोनवर सांगितलं. तो नीटची तयारी करतोय, ऐकून घेतलं आणि मग विचारलं की जामियात डॉक्टरकी शिकवतात का. दंतवैद्यकी शिकवतात, एवढं मला माहीत होतं, तेवढं सांगितलं.